खालून अकरावी ओळ

१

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद कुणी वाचत नाही, असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे वाचतात. छापायला जाण्याआधी अक्षर न् अक्षर वाचायचं आणि चुका धरायच्या, हाच आमच्या ऑफिसचा धंदा. प्रत्येक पत्रक दोघं वाचतात. पहिला वाचक चुकांवर खुणा करतो, दुसरा वाचक पुन्हा सगळं वाचून त्या खुणा पक्क्या करतो. दोघंही आपापल्या घरून.

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला सुपरवायझरने असंच एक पत्रक माझ्या टेबलावर आपटलं. लहान मुलांच्या तापाचं सिरप. खालून अकराव्या ओळीत लिहिलं होतं, एक वर्षाखालच्या बाळाला एका वेळी १५ मिली.

हवं होतं १.५ मिली. मधलं टिंब गायब! दीडच्या जागी पंधरा, म्हणजे दहापट औषध. शुक्रवारी छापखान्यातल्या एका माणसाला शंका आली, त्याच्या घरात तान्हं बाळ होतं म्हणून. त्याने मशीन बंद केलं आणि आम्हाला कळवलं. त्याच्या घरात बाळ नसतं तर ते पत्रक तसंच खोक्यांत गेलं असतं.

पत्रकावर पसंतीचे दोन शिक्के होते. पहिल्या वाचक काकू, दुसरे वाचक कंपाउंडर.

मी कोण ते सांगून टाकते. बावीस वर्षं शाळेत शिकवलं आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर मालकीणबाईंनी मला इथे आणून बसवलं, घरी बसून काम करणारे खरंच काम करतात का ते बघायला. सगळे मला बाई म्हणतात. थोडं घाबरतातही, आणि मला ते आवडतं.

सुपरवायझरने मात्र माझ्याआधीच चोर पकडला होता. महिन्याभरापूर्वी त्याने प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवला होता, नाव पहारेकरी. कुणाचा माउस कधी, कुठे, कसा हलला, याची सगळी नोंद तो ठेवायचा. सुपरवायझरने पडदा माझ्याकडे वळवला. काकूंच्या नावापुढे लाल अक्षरात होतं, यांत्रिक हालचाल, चौऱ्याण्णव टक्के. सरळ रेघा, ठरावीक अंतर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. बाजारात एक खेळणं मिळतं म्हणाला. माउस त्यावर ठेवायचा, ते त्याला हलवत राहतं, आपण खुशाल ताणून द्यायची आणि ऑफिसात हिरवा दिवा जळत राहतो.

संध्याकाळी पाचला बैठक होती. काकूंना काढायचं आणि सगळ्या औषध कंपन्यांना तसं कळवायचं. आमचा धंदा इवलासा आहे. एकदा असं पत्र फिरलं की त्या बाईला कुणी दारात उभं करणार नव्हतं. छत्तीस वर्षं फक्त हेच काम केलेल्या काकूंच्या नावावर कायमची काट बसणार होती, आणि त्या पत्रावर सही लागणार होती माझी.

मी पाचपर्यंतचा वेळ मागून घेतला. पण खोटं कशाला बोलू, त्या सरळ रेघा बघून मलाही काकूच चोर वाटल्या.

२

दहा वाजता मी काकूंच्या घरी पोचले. दार सुनेने उघडलं. चेहरा रडवेला, पण बोलणं करारी. मला पाणी दिलं आणि स्पष्टच सांगितलं, की सासूबाईंच्या वेळा घड्याळाच्या काट्यावर चालतात आणि कामाच्या वेळी त्यांच्या खोलीत घरातलं कुणी पाऊल टाकत नाही.

काकू बाहेर आल्या. बुटक्या, ताठ, केस करकचून बांधलेले. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ते टिंब मी धरलं होतं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी. खूण केली होती."

मग खूण गेली कुठे, असं मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. दुसऱ्या वाचकाकडून पत्रक पुढे गेलं की खुणा निघून जातात आणि फक्त स्वच्छ प्रत उरते, ही पद्धत मलाही ठाऊक होती. म्हणजे त्यांच्याकडे त्यांच्या शब्दापलीकडे काही नव्हतं. आणि शब्दांचं काय, कॉपी करणारी मुलंसुद्धा आईची शपथ घेतात.

मला तुमचं टेबल बघायचंय, मी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांची मान जराशी खाली गेली. टेबल बघून लोक हसतात म्हणाल्या. माझा संशय तिथेच दुप्पट झाला. मी सरळ उठले, त्यांच्या खोलीचं दार ढकललं आणि आत गेले.

टेबलावर एक फळी होती. फळीवर दोन लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, आणि त्यांच्यामधल्या फटीत, रुळावर बसवल्यासारखा, माउस अडकवलेला होता.

३

मी कपाळाला हात लावला. मुद्देमाल टेबलावरच मांडलेला, पंचनाम्याचंही काम उरलं नव्हतं.

काकू मात्र शांतपणे खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, बसा, दाखवते. पूर्वी छापखान्यात कागदावर वाचायचं तेव्हा ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे नजर घसरत नाही. कॉम्प्युटर आला तशी पट्टी गेली आणि त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. तेव्हा मुलाकडून ही फळी करून घेतली. माउस फटीतून डावीकडून उजवीकडे सरकवायचा, की पडद्यावरचा बाण ओळीखालून तंतोतंत सरळ जातो. मग मागे आणायचा आणि माउसवरच्या चाकाने पान एक ओळ सरकवायचं.

त्यांनी एक पान वाचून दाखवलं आणि माझे डोळे विस्फारले. त्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत होत्या! वरून खाली वाचलं की अर्थ लागत जातो, आणि अर्थ लागला की मन पुढचं आपणच भरून टाकतं, टिंब नसलं तरी दिसतं. खालून वाचलं की जे आहे तेवढंच दिसतं. एवढं साधं कारण. छत्तीस वर्षं त्या अशाच वाचत आल्या होत्या, आणि पहारेकऱ्याला वाटलं की हे यंत्र आहे.

पण पाच वाजता सुपरवायझर म्हणणार, गोष्ट छान आहे, पुरावा कुठाय? मी त्या फळीकडे बघत राहिले आणि एकदम उठून उभीच राहिले. अहो, पुरावा तर त्यानेच गोळा करून ठेवला होता. पहारेकरी माउस कुठे सरकतो ते लिहितो, तसा कुठे थांबतो तेही लिहिणार.

मी तिथूनच ऑफिसातल्या सर्व्हरवाल्याला फोन लावला. सिरपचं पत्रक, गुरुवारची सकाळ, खालून अकरावी ओळ. काकू आणि सून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. चार-पाच मिनिटं फोनवर नुसत्या कीबोर्डच्या कळा खटखटत होत्या.

मग तो म्हणाला, अकरा वाजून वीस मिनिटांनी माउस त्या ओळीच्या मधोमध थांबलाय. अडतीस सेकंद. आणि तिथे एक क्लिक आहे. बाकीच्या पानावर कुठेच थांबलेला नाही.

माउस हलवणारं खेळणं चुकीपाशी अडत नाही. खूण झाली होती. म्हणजे मागाहून ती कुणीतरी पुसली होती.

४

खूण पुसणं तिघांनाच शक्य होतं. सगळी कुलपं ज्याच्या हातात, तो सुपरवायझर. शेवटची प्रत मांडून छापखान्याला पाठवणारी मुलगी, तिला आम्ही जुळ्यांची आई म्हणतो. आणि दुसरे वाचक, कंपाउंडर.

सुपरवायझरवर माझा पहिला संशय गेला. काकू हळू वाचतात म्हणून तो त्यांच्यावर धुसफुसायचा. पण गुरुवारी सकाळी दहा ते एक तो मालकीणबाईंबरोबर एका कंपनीत बसला होता. मालकीणबाईंनीच ते सांगितलं, तेव्हा तो विषय संपला. मला जरा वाईटच वाटलं.

कंपाउंडरना मी रिक्षातूनच व्हिडिओ कॉल लावला. वीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलेला माणूस, मऊ बोलणारा. पहारेकऱ्याच्या यादीत यांचा पहिला नंबर, मानवी हालचाल अठ्ठ्याण्णव टक्के, महिन्याचे मानकरी म्हणून फोटोसुद्धा लागला होता. पत्रक कॅमेऱ्यासमोर धरलं तर म्हणाले, वाचून दाखवता का, चष्मा आत राहिलाय. चष्मा त्यांच्या छातीवर दोरीला लोंबत होता. खूण होती का, यावर मला काही आठवत नाही म्हणाले. काकूंचं काय होणार, असं मात्र दोनदा विचारलं.

जुळ्यांच्या आईच्या घरी गेले तर माउस एका बाळाच्या तोंडात आणि दुसरं बाळ कीबोर्डवर. तिचा हिरवा दिवा या मुलांच्या कृपेने जळत होता. तिने ते पहिल्याच वाक्यात कबूल केलं आणि म्हणाली, बाई, मुलं झोपली की मी वेळ भरून काढते, एकही पत्रक उशिरा गेलेलं नाही. ते खरं होतं, मी आधीच तपासलं होतं. सिरपची प्रत तिच्याकडे सव्वाबाराला आली ती स्वच्छच. एकही खूण नव्हती.

वेळ इतकी पक्की कशी लक्षात राहिली, असं मी विचारलं. तशी ती उसळलीच. गुरुवारी दोन्ही मुलं एकाच वेळी झोपली होती, महिन्यातून एकदा येणारा मुहूर्त, आणि नेमका अकरा चाळीसला सर्व्हर अडकला. अकरा एकोणपन्नासपर्यंत पडदा ढिम्म हलला नाही. तिने माउस बडवून बडवून अर्धमेला केला होता.

मी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. पडदा सगळ्यांचाच अडकला होता, पण पहारेकरी प्रत्येकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसलेला. सर्व्हर झोपला तरी तो जागाच असणार. त्या नऊ मिनिटांत कोण काय करत होतं, ते त्याने लिहून ठेवलं असणार!

५

दीड वाजता मी सर्व्हरवाल्याच्या खुर्चीमागे उभी होते. त्याने तिघांच्या रेघा एकाखाली एक लावल्या.

जुळ्यांची आई, नऊ मिनिटांत सत्तेचाळीस क्लिक. बिचारीचा संताप रेघांमधून दिसत होता. काकूंचा माउस चार वेळा हलला आणि मग गप्प. त्या उठून गेल्या असणार. आणि कंपाउंडर? पान वर, पान खाली, मध्येच थांबणं, एक शब्द मागे जाणं, पुन्हा पुढे. इतकं सुरेख, इतकं माणसासारखं वाचन. पण पडद्यावर काही हलतच नव्हतं, तर ते वाचत काय होते?

आदल्या दिवशीची रेघ लाव म्हटलं. मग आदल्या आठवड्यातली. सर्व्हरवाला लावत गेला आणि हळूहळू त्याच्या तोंडाचा आ वासला. अकरा त्रेचाळीसला एक छोटीशी गोल गिरकी होती, माणूस कंटाळला की माउस फिरवतो तशी. ती बुधवारी होती, मंगळवारी होती, गेल्या महिन्याभरात रोज होती, सेकंदाचाही फरक नाही. दोन उत्तरपत्रिकांमध्ये एकच चूक सापडली की मला जो आनंद व्हायचा, तो इतक्या वर्षांनी पुन्हा झाला. कुणीतरी आपलाच एक खरा दिवस रेकॉर्ड करून ठेवला होता आणि तो रोज चालवत होता.

खूण कशी पुसली गेली, तेही उलगडलं. प्रत्येक पानाखाली दुसऱ्या वाचकासाठी एक बटण असतं, 'सगळं मुळाप्रमाणे', म्हणजे पानात चूक नाही, खुणा काढून टाका. ज्या दिवशीचं रेकॉर्डिंग होतं, त्या दिवशी पानं निर्दोष असावीत, म्हणून ते बटण दाबलेलं. आता तोच क्लिक रोज प्रत्येक पानावर आंधळेपणाने पडत होता, आणि त्याबरोबर काकूंच्या खुणा उडत होत्या.

सर्व्हरवाला म्हणाला, चला, सुपरवायझरला सांगू. मी थांबवलं. रेकॉर्डिंग कंपाउंडरच्या कॉम्प्युटरवर चालत होतं हे खरं, पण ते लावलं कुणी हे अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सकाळीच मी रेघा बघून एका बाईला मनातल्या मनात चोर ठरवून बसले होते. चिठ्ठी हातात आल्याशिवाय आता मी कुणाला बाकावरून उठवणार नव्हते.

तीनला पाच कमी असताना मी कंपाउंडरच्या दाराशी उभी राहिले. फोन कानाला, पलीकडे सर्व्हरवाला. तो दबक्या आवाजात सांगत होता, आता पान सरकलं, आता थांबलेत, आता एक शब्द मागे. मी बेल दाबली. आत चपलांचा आवाज आला. सर्व्हरवाला सांगतच होता, सहावं पान उलटलं, आता क्लिक.

दार उघडलं. उंबऱ्यात कंपाउंडर उभे होते, दोन्ही हात साबणाने भरलेले, कोपरापर्यंत ओले.

६

त्यांनी माझ्या कानाजवळच्या फोनकडे पाहिलं आणि न विचारताच बाजूला सरकले. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर माउसचा बाण आपला आपण फिरत होता.

तीन महिन्यांपासून त्यांच्या डोळ्यांच्या मधला भाग धूसर झाला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसं दिसत, अक्षरं विरघळत. चष्म्याचा उपयोग नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. काम गेलं तर घरी काय सांगायचं, या भीतीने त्यांनी भाचीकडून ते रेकॉर्डिंग शिकून घेतलं, आठवडाभरासाठी म्हणून. पहिल्या वाचक काकू आहेत, त्यांच्या हातून काही सुटत नाही, असं स्वतःला समजावत राहिले. खुणा उडत होत्या हे त्यांना शुक्रवारी सिरपच्या चुकीची बातमी कळेपर्यंत खरंच माहीत नव्हतं.

"आणि शुक्रवारी कळल्यावर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. डोळ्यांचं दुःख मला कळत होतं, त्यांच्या ओल्या हातांकडे बघवत नव्हतं. पण तीन दिवस हा माणूस मूग गिळून बसला होता आणि तिकडे काकूंच्या नावाचं पत्र टाइप होत होतं. मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. ते हात पुसून माझ्याबरोबर निघाले.

पाच वाजता बैठक सुरू झाली. मालकीणबाई, सुपरवायझर, सर्व्हरवाला, मी आणि खाली मान घालून बसलेले कंपाउंडर. भिंतीवरच्या पडद्यावर काकू, त्यांच्यामागे दारात सून. मी फळी सांगितली, अडतीस सेकंद सांगितले, रोजची गिरकी दाखवली. सुपरवायझरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता आणि मी तो मनसोक्त पाहिला. मालकीणबाईंनी पत्र फाडलं, काकूंची माफी मागितली, आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं ते मला विचारलं. मी म्हटलं, टक्केवारी बंद करा. माउस किती हलला यावरून वाचन कळत नाही. ते 'सगळं मुळाप्रमाणे'चं बटण काढा, आणि दुसऱ्या वाचकाने प्रत्येक खुणेपुढे का घेतली, का सोडली, ते स्वतःच्या शब्दांत लिहू दे. शब्द रेकॉर्ड करून रोज चालवता येत नाहीत.

दारातली सून पदराने डोळे पुसत होती. काकू मात्र हसल्या नाहीत.

"त्यांनी अशी किती पत्रकं पुढे सोडली?" त्यांनी विचारलं.

सर्व्हरवाल्याने मोजलं. दोनशे बारा. मालकीणबाईंनी एकेका कंपनीला फोन करून छपाई थांबवायला आणि माल अडवून धरायला सांगितलं. काकू म्हणाल्या, सगळी पुन्हा वाचायची, आत्ता, मला फक्त दुसरा वाचक द्या. उद्या सकाळपर्यंत दुसरा वाचक मिळणार नव्हता.

तेव्हा कंपाउंडर पहिल्यांदा बोलले. मला दिसत नाही, म्हणाले, पण ऐकू येतं, आणि औषधांच्या मात्रा सगळ्या पाठ आहेत. सुपरवायझर उसळला. या माणसाला पुन्हा कामाला लावायचं म्हणजे कमालच झाली, असं काहीतरी तो बोलत होता. काकूंनी त्याला मध्येच तोडलं.

"तीन दिवस तुम्ही गप्प बसलात, ते मी विसरणार नाही," त्या कंपाउंडरना म्हणाल्या. "आता बसा आणि ऐका."

त्या मोठ्याने वाचू लागल्या आणि कंपाउंडर डोळे मिटून ऐकू लागले. मी तर घरी जायचं विसरूनच गेले. पहिली आठ पत्रकं ठीक निघाली. नवव्याला, खोकल्याच्या औषधाला, कंपाउंडरनी हात वर केला.

"थांबा. किती तासांनी म्हणालात?"

"दर दोन तासांनी."

"सहा. हे औषध दोन तासांनी कुणी देत नाही."

काकूंनी कंपनीकडून आलेला मूळ मजकूर काढून पाहिला. सहाच होतं. सर्व्हरवाल्याने कुणी न सांगताच जुनी नोंद उघडली, आणि लगेच ती बंद करायला गेला, पण तोवर ती आमच्या नजरेला पडली होती. त्या ओळीवरून काकूंचा माउस न थांबता गेला होता. खूण झालीच नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दिवसभर ज्या बाईच्या नावासाठी मी पायपीट केली, ते नाव तासाभरापूर्वीच स्वच्छ झालं होतं, आणि ही चूकही कंपाउंडरच्या खात्यावर खपून गेली असती. मीसुद्धा खपू दिली असती, हे मी आज कबूल करते.

काकूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"ही माझ्या हातून सुटलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर लिहा."

सुपरवायझरने पेन उचललं आणि लिहिलं. काकूंनी दहावं पत्रक घेतलं.